जमीन लेकींची, गाव मुसलमानांचं

आपल्या ग्रुपांवर दर काही महिन्यांनी एक फोटो फिरतो. म्हशीच्या शिंगांसारखं दोन्ही टोकांना वर वळलेलं छप्पर, समोर हिरवीगार भातखाचरं आणि डोक्यावर ओढणी घेतलेल्या हसऱ्या बायका. खाली मजकूर असतो : जगातला सर्वात मोठा मातृवंशीय समाज मुसलमान आहे, इंडोनेशियातला मिनांगकाबाऊ समाज. मग नेहमीचे दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा, आमच्या मजहबात बाईला किती मान आहे. दुसरा म्हणतो, हा इस्लामच नव्हे, इस्लामपूर्व काळातलं उरलंसुरलं आहे. दोन दिवस वाद चालतो आणि तिसऱ्या दिवशी सगळे क्रिकेटकडे वळतात.

या वादात जमीन हा शब्द कधीच येत नाही. फोटोतलं घर कोणाचं, समोरचं खाचर कोणाचं, ते विकायचं ठरलं तर सही कोणाची लागते, असं कोणी विचारत नाही. मला वाटतं, प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवा. मान, इज्जत, दर्जा हे शब्द हवेत राहतात. जमीन मात्र मोजता येते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, धर्मशास्त्राचा किंवा मानववंशशास्त्राचा अभ्यासक नाही. कामानिमित्त दोन वर्षांहून अधिक काळ जकार्तात होतो. टीममधली एक सहकारी पश्चिम सुमात्राच्या लिमा पुलुह कोता जिल्ह्यातली. तिच्या गावी मी दोनदा राहून आलो, एकदा ईदला आणि एकदा भाताच्या कापणीला. तिथे पाहिलेलं आणि नंतर वाचलेलं, दोन्हींच्या आधारावर हे लिहितो आहे.

सगळेच घरजावई

पश्चिम सुमात्रातल्या गावाला 'नागरी' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो, कारण तो मूळ संस्कृतातलाच. एका नागरीत अनेक कुळं असतात, त्यांना 'सुकू' म्हणतात. सुकू आईकडून मिळतो. आई पिलियांग सुकूची असेल तर मुलं पिलियांग. बाप कोणत्याही कुळाचा असो. सुकूच्या आत 'काऊम' असतो. हा आपलाच 'कौम' शब्द, अरबीतून तिकडे गेलेला. तिथे मात्र त्याचा अर्थ एका आजीपासून निघालेलं घराणं इतकाच.

जमीन या काऊमची असते. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या जमिनीला 'हार्ता पुसाका तिंग्गी' म्हणतात, म्हणजे वडिलोपार्जित मिळकत. पण 'वडिलोपार्जित' हा शब्दच इथे चुकतो. ती आजोपार्जित, पणजीकडून आलेली जमीन असते. ती वाटून कोणाच्या खासगी मालकीची होत नाही. कोणतं खाचर कोणत्या बहिणीने कसायचं हे ठरतं, पुढे ते तिच्या मुलींकडे जातं. विकायचं म्हटलं तर साऱ्या काऊमचं एकमत लागतं, आणि रिवाजानुसार विक्री जवळजवळ निषिद्धच आहे. गहाण ठेवता येते, तीही चारच कारणांसाठी : घरात मयत आहे आणि दफनाला पैसा नाही, वयात आलेल्या मुलीचं लग्न खोळंबलं आहे, मोठं घर गळतं आहे, किंवा घराण्याचं रिकामं पडलेलं सरदारपद पुन्हा उभं करायचं आहे. या चारांत शेवटचं सोडलं, तर बाकी सगळी कारणं घर, मुलगी आणि मरण यांचीच आहेत.

जी मिळकत माणसाने स्वतःच्या कमाईतून केली ती वेगळी. तिला 'पुसाका रेंदा', म्हणजे खालच्या दर्जाचा वारसा म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडेल.

लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी येतो. आपल्याकडे घरजावई हा टोमणा आहे. तिथे गावातला प्रत्येक पुरुष घरजावईच. त्याला 'सुमांदो' म्हणतात आणि त्याची तुलना जळक्या खोडावरच्या राखेशी करणारी म्हण आहे : वारा आला की उडून जाणारी. घरात शब्द चालतो तो बायकोच्या भावाचा. त्याला 'मामाक' म्हणतात. आपण मामू म्हणतो तेच नातं, पण अधिकार कितीतरी जास्त. भाचे-भाच्यांची जबाबदारी मामाकची, काऊमच्या जमिनीची देखरेखही त्याचीच. म्हणजे प्रत्येक पुरुष दोन घरांत वाटलेला असतो. बायकोच्या घरी तो पाहुणा आणि बहिणीच्या घरी कारभारी.

हे बायकांचं राज्य नाही. मोठ्या घरचा पारंपरिक मुखिया, 'दातुक', पुरुषच असतो. मशिदीचा इमाम पुरुष असतो. पंचायतीत बहुतेक पुरुषच बोलतात. आणि शेतात रोप लावायला, निंदायला, कापायला बायकाच पुढे असतात, घरचं सगळं करून. आपल्याकडे सावड किंवा इर्जिक घालतात तशी बायकांची टोळी पाळीपाळीने एकमेकींच्या खाचरात उतरते. तिला 'जुलो-जुलो' म्हणतात. पैशाच्या भिशीलाही हाच शब्द. माझ्या सहकारीची आई साठीच्या पुढची आहे. पहाटे फज्रनंतर ती खाचराकडे जाते आणि दुपारी परत येते. तिचा मामाक पाडांग शहरात चहा पीत फोनवर निर्णय देतो. या चित्रात फार काही रोमँटिक नाही.

तरीही एक गोष्ट आहे. नवराबायकोचं पटलं नाही तर घर सोडून जातो तो नवरा. बाई जिथे होती तिथेच राहते, तिच्या आईच्या घरात, तिच्या खाचराशेजारी. मुलं तिच्याजवळच असतात, कारण ती तिच्याच कुळाची. इंडोनेशियात १९७४ च्या विवाह कायद्यानंतर तलाक न्यायालयासमोरच होतो. तो कायदा महत्त्वाचाच. पण या गावातल्या बाईच्या पायाखालची जमीन कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. तलाकवरच्या आपल्या सगळ्या चर्चा 'तो कसा देतात' याभोवती फिरतात. 'दिल्यानंतर ती कुठे जाते' हा प्रश्न या गावाने फार पूर्वी सोडवला.

आणखी एक. काऊममध्ये मुलगी जन्मली नाही तर घराणं संपतं. त्याला 'पुनाह' म्हणतात, म्हणजे नामशेष. जमीन मग दूरच्या नातलगांकडे जाते. त्यामुळे तिथे म्हाताऱ्या नातीसाठी दुआ मागतात.

उलेमांचं काय म्हणणं होतं

आता तो प्रश्न, जो आपल्या ग्रुपांवर सर्वात आधी येतो : हे शरियतमध्ये बसतं का?

हा प्रश्न मिनांगकाबाऊंना बाहेरून कोणी विचारायची गरज पडली नाही. त्यांनी तो स्वतःलाच विचारला आणि त्यासाठी रक्तही सांडलं. १८०३ च्या सुमाराला तीन हाजी मक्केहून परतले. तिथे त्यांनी वहाबींची सत्ता पाहिली होती. त्यांच्या प्रेरणेने जी चळवळ उभी राहिली तिला पाद्री म्हणतात. ख्रिस्ती पाद्र्यांशी तिचा संबंध नाही. जुगार, कोंबड्यांच्या झुंजी, अफू यांविरुद्ध सुरू झालेली ही मोहीम पुढे रिवाज मानणाऱ्या गावांवर चालून गेली. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. मग डच त्यात उतरले आणि आपसातल्या लढाईचं रूपांतर वसाहतवादाविरुद्धच्या युद्धात झालं. पाद्रींचा नेता तुआंकू इमाम बोंजोल १८३७ मध्ये डचांच्या हाती लागला आणि १८६४ मध्ये दूर सुलावेसीत हद्दपारीत वारला. आज तो इंडोनेशियाचा राष्ट्रीय वीर आहे.

त्याच्या आठवणींत नोंदलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. लढाई चालू असताना त्याने आपली माणसं मक्केला पाठवली, तिथे आता काय मत आहे ते पाहायला. ती परतली आणि त्यांनी सांगितलं की वारं बदललं आहे. तेव्हा त्याने लुटलेला माल परत करायला सुरुवात केली आणि रिवाजाच्या मुखियांशी समेट केला. शस्त्र हातात असताना हे करणं सोपं नाही. नंतरच्या काळात मिनांगकाबाऊ समाजात जे तत्त्व रुळलं ते असं : रिवाजाचा पाया शरियत, आणि शरियतचा पाया अल्लाहची किताब.

पण तत्त्व ठरल्याने जमिनीचा प्रश्न सुटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो पुन्हा उसळला. या वेळी बोलणारे होते अहमद खतीब अल-मिनांगकाबावी. मूळचे याच मुलखातले, मक्केच्या हरमशरीफमध्ये शाफई पंथाचे इमाम. इंडोनेशियातल्या दोन सर्वात मोठ्या मुस्लिम संघटना, मुहम्मदिया आणि नहदलातुल उलामा. त्यांचे संस्थापक अहमद दहलान आणि हाशिम अशारी हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. त्यांनी साफ सांगितलं की आईकडून चालणारा हा वारसा फराइजविरुद्ध आहे.

त्यांचा आक्षेप हलका नव्हता. जुन्या पद्धतीत पुरुषाने स्वतः कमावलेली मिळकतही बहिणीच्या मुलांकडे जाऊ शकत होती. त्याची स्वतःची मुलं, जी वेगळ्या कुळाची, रिकाम्या हाताने उभी राहत. बाप मेल्यावर पोरक्या झालेल्या मुलांचा हक्क मामाकच्या घराण्याने खाल्ला, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. यतीमांच्या मालाबद्दल कुराणात किती कडक इशारा आहे हे तुम्हाला सांगायला नको.

उत्तर दिलं ते त्यांच्याच शागिर्दाने. हाजी रसूल, म्हणजे अब्दुल करीम अमरुल्लाह. प्रसिद्ध लेखक आणि आलिम हामका यांचे वडील. ते स्वतः सुधारणावादी होते, रिवाजावर तुटून पडणारे. तरी त्यांनी भेद केला. कमावलेली मिळकत फराइजनेच वाटली पाहिजे, त्यात सवलत नाही. पण पणजीकडून आलेली जमीन कोणा एकाच्या मालकीचीच नाही, तर ती कोणाच्या मरणाने वाटली कशी जाणार? ती वक्फसारखी आहे. मूळ कायम ठेवायचं, उत्पन्न हकदारांनी खायचं.

हा युक्तिवाद सर्वांना पटला असं नाही. पण १९५२ मध्ये बुकितिंग्गी शहरात परिषद भरली. तिथे उलेमा, रिवाजाचे मुखिया आणि शिकलेले लोक असे तिघेही बसले. मिनांगकाबाऊ लोक या तिघांना चुलीच्या तीन दगडांची उपमा देतात, एक काढला की भांडं कलंडतं. ठरलं ते असं : वडिलोपार्जित जमीन रिवाजाने, स्वतःची कमाई फराइजने. १९६८ मध्ये पाडांगच्या परिसंवादात हाच निर्णय पुन्हा उचलून धरला गेला. एका पिढीच्या युद्धानंतर आणि दोन पिढ्यांच्या फतव्यांनंतर प्रश्न बैठकीत सुटला.

आता तुम्ही म्हणाल, तिकडची गोष्ट तिकडे, आपल्याला काय? तर मला दिसतं ते हे. मिनांगकाबाऊंच्या दीडशे वर्षांच्या वादाचा विषय होता, बाईकडे शरियतने सांगितल्यापेक्षा जास्त जमीन जाते, ते चालेल का? आपल्याकडे शरियतने सांगितलेला अर्धा हिस्साही असंख्य बहिणींना मिळत नाही, आणि त्यावर वादच नाही. तिथे आलिमांनी ग्रंथ लिहिले. इथे तलाठ्याकडे फेरफार होतो आणि विषय संपतो.

जमीन कशी निसटते

कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. गावात राहिलं की तिच्या भेगा दिसतात. त्या सांगितल्या नाहीत तर मीही फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांपैकीच एक ठरेन.

पहिली भेग गहाणाची. पद्धत आपल्या जुन्या कब्जेगहाणासारखी. पैसे देणारा जमिनीचा ताबा घेतो, पीक खातो, आणि मुद्दल परत मिळेपर्यंत जमीन त्याच्याकडेच. रक्कम अनेकदा सोन्यात ठरते, त्यामुळे रुपया घसरला तरी सावकाराचं नुकसान नाही. माझ्या सहकारीच्या आजीने आपल्या आईच्या मयतीच्या वेळी गहाण टाकलेलं एक खाचर तिच्या मामांनी जकार्तातल्या हॉटेलच्या कमाईतून सोडवलं, चाळीस वर्षांनी. १९६० च्या कायद्यात तरतूद आहे की सात वर्षं पीक खाल्लं की शेतजमीन पैसे न घेता परत करायची. गावात हा कायदा कोणी फारसा मानत नाही. शब्द दिला म्हणजे दिला. उलट कर्जावर पीक खाणं हे रिबा आहे की नाही, यावर मशिदीत खल चालतो. मला तो खल ऐकायला आवडला. निदान तिथे जमिनीच्या व्यवहाराला हलाल-हरामचा प्रश्न लावतात. आपण तो फक्त बँकेच्या व्याजाला आणि चिकनच्या दुकानाला लावतो.

दुसरी भेग सरकारी कागदाची. इथे माझा पेशा मध्ये येतो. मी रोज डेटाबेसचे तक्ते बनवतो. 'मालक' हा रकाना करायला दोन मिनिटं लागतात. पण जिथे मालक म्हणजे जिवंत, मेलेले आणि अजून न जन्मलेले असं एक घराणं आहे, तिथे त्या रकान्यात काय भरायचं? डचांनी १८७० मध्ये जाहीर केलं होतं की ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची. स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यात रिवाजी हक्क मान्य केले, पण 'राष्ट्रहिताला बाधा न येता' अशी पुरवणी जोडून. आता जमिनीची सर्टिफिकेटं वाटण्याची मोठी मोहीम चालू आहे आणि २०२१ पासून ती इलेक्ट्रॉनिक करायलाही सुरुवात झाली आहे.

काऊमची जमीन नोंदवायची तर 'रांजी' लागते. रांजी म्हणजे आजीपासून सुरू होणारी वंशावळ, सर्वांच्या सह्यांची. काळजीपूर्वक केली तर सगळ्यांची नावं चढतात. घाईत केली तर एका मामाकचं नाव चढतं. मामाक वारला की त्याची मुलं, जी दुसऱ्या कुळाची, सर्टिफिकेट दाखवून म्हणू शकतात की ही आमच्या बापाची जमीन. कसणाऱ्या बहिणीचं नाव कागदावर कुठेच नसतं. काऊमचा दावा कोर्टात चालवायचा तरी तो घराण्याच्या मुख्य मामाकनेच.

शहरात बसून 'सर्टिफिकेट नकोच' म्हणणं सोपं आहे. गावातल्या बाईला बँकेचं कर्ज हवं असतं, आणि उद्या एखादी कंपनी आली तर दाखवायला कागद हवा असतो. माझं म्हणणं इतकंच की तक्ता बनवणाऱ्याने आधी गाव पाहावं. रकाना चुकीचा असेल तर कोणी बेईमानी न करताही हक्क बुडतो.

तिसरी भेग सर्वात मोठी, वृक्षारोपणाच्या कंपन्यांची. सुहार्तोच्या राजवटीत १९७९ च्या कायद्याने सगळ्या देशात जावाच्या धर्तीची गावं लादली. पश्चिम सुमात्रातल्या प्रत्येक नागरीचे तुकडे करून 'देसा' बनवले गेले. नागरीच गेली तर नागरीच्या पडीक जमिनीचा, जंगलाचा धनी कोण? त्याच काळात पासामानसारख्या भागांत पाम तेलाचे मळे आले. रिवाजाच्या मुखियांनी जमिनी दिल्याच्या सह्या केल्या. त्यांची समजूत होती की मुदत संपली की जमीन नागरीकडे परत येईल. कायद्याप्रमाणे मात्र मळ्याचा परवाना संपला की जमीन सरकारची. सह्या करणारे सगळे पुरुष होते. ज्या बायकांच्या नावाने हा समाज जगभर ओळखला जातो, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. २००० नंतर नागरी परत आल्या, गेलेली जमीन सहसा आली नाही. २०१३ मध्ये घटना न्यायालयाने रिवाजी जंगलं ही सरकारी जंगलं नव्हेत असा निकाल दिला. तो मोठा निकाल आहे, पण निकालापासून नकाशापर्यंतचा रस्ता लांब असतो.

पानातला काथ

या गावाशी आपलं एक नातं आहे, जे बहुतेकांना ठाऊक नाही. लिमा पुलुह कोताच्या डोंगरउतारांवर गंबीर नावाचं झुडूप लावतात. त्याची पानं उकळून, दाबून, रस काढतात. रसाचा साका बसला की पाणी निथळून त्याच्या बोटभर कांड्या पाडतात आणि उन्हात वाळवतात. हे काम करणारे पुरुष रानातल्या झोपडीत दिवसचे दिवस राहतात आणि मालात हिस्सा घेतात. या गंबीरचा सर्वात मोठा गिऱ्हाईक भारत आहे. आपल्या पानात आणि पानमसाल्यात खैराच्या काथाची जागा हा स्वस्त माल घेतो. भाव पडला की तिथलं घर गहाणाकडे वळतं. कोल्हापूरच्या किंवा औरंगाबादच्या टपरीवरचं पान आणि सुमात्रातल्या एका आजीचं खाचर यांच्यामध्ये इतकंच अंतर आहे.

गावातली तरुण मुलं या कामात राहत नाहीत. बाहेर पडणं हा तिथला रिवाजच आहे, त्याला 'मरांताऊ' म्हणतात. पूर्वी वयात आलेल्या मुलाला आईच्या घरात झोपायला जागा नसे. तो सुराऊत, म्हणजे छोट्या मशिदीत झोपे, तिथेच शिके आणि पुढे नशीब काढायला बाहेर पडे. मोहम्मद हत्ता, तान मलाका, हाजी आगुस सलीम, सुतान शाहरीर, हामका ही माणसं याच मुलखातून निघाली. जमीन बहिणीची म्हणून भाऊ जग बघायला गेला, असंही म्हणता येईल. बायकाही मागे राहिल्या नाहीत. रोहाना कुदूस यांनी १९१२ मध्ये बायकांसाठी वर्तमानपत्र काढलं. रहमा अल युनूसिया यांनी १९२३ मध्ये पाडांग पांजांगला मुलींची दीनी शाळा उघडली, आणि पुढे अल-अझहरने त्यांना 'शेखा' हा किताब दिला. पायाखाली स्वतःची जमीन असलेल्या समाजात मुलीला शिकवायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, असं मला वाटतं.

पण आजचं मरांताऊ वेगळं आहे. गेलेला परत येतो तो ईदला, आठवडाभर. खाचरं बटाईने दिली जातात, निम्मं पीक कसणाऱ्याचं. मामाक शहरात, भाचे वेगळ्या शहरात. देखरेख करणारा राहिला नाही की रिवाज नुसता समारंभाच्या कपड्यांत उरतो. आणि डोंगर आपलं काम करतच असतो. २०२४ च्या मे महिन्यात मरापी ज्वालामुखीवरची राख आणि दगड पावसाच्या लोंढ्याबरोबर खाली आले. आगाम, तानाह दातार आणि आसपासच्या भागांत मिळून साठहून अधिक माणसं गेली, घरं-खाचरं दगडांखाली गाडली गेली. अशा वेळी बांध वाहून गेला तर खाचराची हद्द कोणाला आठवते? तिथे राहणाऱ्या बाईला. सर्टिफिकेटला ती मागाहून कळते.

मग आपण काय घ्यायचं?

मी असं मुळीच म्हणत नाही की आपण मातृवंशीय व्हावं. रिवाज आयात करता येत नाही. मिनांगकाबाऊंचा फोटो दाखवून 'आमच्यात बघा' म्हणत फुशारकी मारणंही मला पटत नाही. ती त्यांची कमाई आहे, आपली नाही.

घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, मजहब आणि रिवाज यांचा झगडा तिथे टाळला गेला नाही. कोणी म्हटलं नाही की बाहेरच्यांना कळेल, गप्प बसा. अहमद खतीब यांच्यासारख्या मोठ्या आलिमाला त्यांच्या शागिर्दाने उघड उत्तर दिलं आणि दोघांचीही इज्जत कायम राहिली. आलिम, घरातले वडीलधारे आणि शिकलेली माणसं एका चुलीभोवती बसली. आपल्याकडे हे तिघे एकमेकांच्या माघारी बोलतात.

दुसरी, बाईचा हक्क कागदावर, जमिनीवर आणि कारभारात, तिन्ही ठिकाणी असावा लागतो. मिनांगकाबाऊ बाईकडे जमीन होती, पण कारभार मामाकचा आणि कागद सरकारचा; जिथे जिथे ती हरली तिथे या फटीतूनच. आपल्याकडे तर सुरुवातच उलटी आहे. १९३७ चा शरियत कायदा झाला तेव्हा शेतजमीन त्यातून वगळली गेली, म्हणजे गावाकडच्या माणसाची जी खरी मिळकत, तीच. आणि कायद्यापर्यंत जायच्या आधीच बहिणीसमोर हक्कसोडपत्र येतं. भाऊ म्हणतो, तुझं लग्न केलं, माहेरचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर सही कर. ती करते. रोजे, नमाज, हजच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या घरांतही हे घडतं, आणि जुम्म्याच्या बयानात त्यावर शब्द नसतो.

फराइज हा कुराणातला सर्वात आकडेमोडीचा भाग आहे. माझ्यासारख्या इंजिनिअर माणसाला तो म्हणूनच आवडतो : हिस्से अपूर्णांकांत दिलेले, संदिग्धता कमी. तरी आपण नेमका तोच भाग 'नात्यात काय हिशेब करायचा' म्हणून बाजूला ठेवतो. सुमात्रातल्या त्या आलिमांना पणजीच्या जमिनीसाठी वक्फचा युक्तिवाद शोधावा लागला. आपल्याला काही शोधायचं नाही. लिहिलेलं आहे, ते द्यायचं आहे.

म्हणून वीस-तीस वर्षांच्या वाचकाला माझी विनंती साधी आहे. घरच्या शेताचा किंवा घराचा सातबारा, नाहीतर मिळकतपत्रिका, ऑनलाइन काढा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर तुमच्या फूफींची नावं आहेत का बघा. आजोबा वारल्यावर वारस नोंद कोणाकोणाची झाली ते बघा. नावं नसतील तर अब्बांना विचारा, मामूंना विचारा, आणि मग त्या फूफींना विचारा की सही त्यांनी स्वतःच्या खुशीने केली होती का. उत्तर मिळायला वेळ लागेल, कदाचित घरात दोन दिवस कोणी नीट बोलणार नाही. मिनांगकाबाऊंना दीडशे वर्षं लागली.